एकसारखी सहा बटनं

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. माझ्या वाढण्याच्या गोष्टी मी ओळीनं लिहायच्या ठरवल्या होत्या, आधी शाळा, मग आयटीआय, मग बाकीचं, आणि हे प्रकरण लई पुढं येणार होतं. खरं सांगू का, येणारच नव्हतं. पण आज सकाळी आमच्या दारात जे झालं आणि दुपारी गोठ्यात जे झालं, त्यानंतर मला दुसरं काही सुचेनाच. गच्चीवर बसून मोबाईलवरच टाइप करतेय, चुका असतील, समजून घ्या. निवांत विचार करून लिहायला बसले तर मी ह्यातलं निम्मं गाळीन. मला माहितीय मी कशी आहे ते.

आमचं गाव माजलगावच्या अलीकडं, कालव्याला लागून. घरात आम्ही चौघं. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा, आणि मी अंजली. बाहेर सगळ्यांची अंजी, आणि अण्णांची मात्र 'बाई'. आणि पाचवी म्हणाल तर जीप. जुनी, डिझेलची, फोर बाय फोर, निळा रंग उडून उडून राखाडी झालेली, वर ताडपत्रीचं टप. सकाळी ती चालू करायची म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. आधी हीटरचं बटन दाबून धरायचं, आतली तार लाल होईपर्यंत वीस आकडे मोजायचे, मग चावी. एक उबळ, दुसरी उबळ, मग सगळं अंगण थरथरायचं, कोंबड्या चुलीमागं पळायच्या आणि आई म्हणायची, "उठली बघा तुमची म्हस." संध्याकाळी परत येताना कालव्याच्या वळणावर अण्णा हॉर्न मारायचे. तो हॉर्न घसा बसलेल्या माणसासारखा होता, अख्ख्या गावात तसला दुसरा नव्हता. तो ऐकला की आई तवा ठेवायची, आणि अण्णा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली. येसर आमटी, भाकरी, कांदा. मला अजून येसर आमटीचा वास आला की आधी तो हॉर्न ऐकू येतो.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्या जीपचं. तर आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात शेताच्या वाटांना असा चिखल होतो की बैल बसतात, ट्रॅक्टर रुततो. तेव्हा अण्णांची जीप जायची. गिअरच्या शेजारचा लहान दांडा ते ओढायचे, चारही चाकं एकदम माती धरायची, आणि जीप डुलत डुलत वस्तीपर्यंत पोचायची. बाळंतीण आणायची असो, कुणाला साप चावलेला असो, नवरदेव चिखलात अडकलेला असो, माणसं एकच म्हणायची, "अण्णाची जीप बोलवा." आमची जमीन काही मोठी नाही. पुढारपण आमच्या घरात कधी आलं नाही. पण पावसाळ्यात अण्णांशिवाय गावाचं पान हलत नव्हतं, आणि हे अण्णांना चांगलं माहीत होतं. कुणी बोलवायला आलं की ते मुद्दाम सावकाश चहा संपवायचे. आई म्हणायची, "जावा की, बाई कळा द्यायलीय तिकडं." मग म्हणायचे, "जातो ना. गाडी हाय म्हणल्यावर काय काळजी हाय तिला?"

ह्या जीपचा डॅशबोर्ड बघितला असता तर तुम्ही हसला असता. मी तर लाजायचे. कंपनीतून आलेलं एकही बटन शिल्लक नव्हतं. जे मोडलं त्याच्या जागी अण्णांनी हाताला येईल ते बसवलेलं. दिव्यांना ओढायची दांडी होती, तिच्या टोकाला त्यांनी स्वतः तासलेली बाभळीची गाठ. वायपरला घरातल्या जुन्या बोर्डावरचं काळं गोल बटन. आतल्या पंख्याला पिठाच्या गिरणीवरून आणलेला हिरवा खटका. उजव्या-डाव्या इंडिकेटरला दोन्हीकडं पडणारी एक लोखंडी काडी, हीटरला सायकलच्या घंटीचा तुकडा. आणि हॉर्नला, म्हणजे स्टिअरिंगवरचा हॉर्न कधीच गेलेला होता, त्याला चक्क दारावरची बेल. पांढरं चौकोनी बटन, त्यावर पुसट झालेलं घंटीचं चित्र, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, खाली, एकटंच. माझ्या मैत्रिणी जीपमध्ये बसल्या की आधी ते दाबायच्या आणि म्हणायच्या, "कोन हाय घरात?"

मी तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही दोनच मुली. हातात पकड आली की माणसाला काय होतं ते मी कुणाला सांगू, घरातलं एकेक बटन मला खुणावायचं. मी आईचा मिक्सर उघडला, शेजाऱ्यांची मोटर उघडली, देवघरातली दिव्यांची माळ उघडून परत लावली. अण्णांना लई कौतुक. पारावर बसून सांगायचे, "महं पोरगं शेती करतंय अन् पोरगी करंट धरती." आणि त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, जीपच्या हीटरच्या वायरीतून धूर निघाला. अण्णांनी बोनेट उघडून वायर ओढून तोडली, फुंकर मारली आणि मला म्हणले, "बाई, एवढी एक वायर बदलून दे." एवढी एक. मी म्हणलं हो. आणि मनातल्या मनात सगळा डॅशबोर्ड ठरवून मोकळी झाले.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं, औजारं, गाड्या पुजतात. त्याच्या आधी अण्णा दोन दिवस मामाच्या गावाला, युसूफ वडगावला गेले, एसटीनं, कारण जीप माझ्या ताब्यात. मी सहा बटनं मागवून ठेवली होती. काळी, चपटी, एका बाजूनं दाबली की चालू, दुसऱ्या बाजूनं बंद, चालू झाली की लाल बारीक दिवा. मोठ्या गाड्यांत असतात तशी. फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पत्रा कापून आणला, कानशीनं कडा घासल्या, सहा चौकोनी भोकं पाडली, एका रेषेत. बॅटरीची तार आधी काढली. एकेका वायरीला कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून लावला. जुन्या वायरी निघाल्या त्या अशा कडक झालेल्या की वाकवल्या की मोडायच्या, आतलं तांबं काळं पडलेलं. नवी वायर ओढली, प्रत्येकाला वेगळा फ्यूज दिला. आज मी बीडला एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंगच करते, आणि आजच्या नजरेनं सांगते, ते काम चांगलं होतं. एकही जोड आजपर्यंत तापला नसेल. हेच तर लई लागतं मनाला. काम वाईट असतं तर बरं झालं असतं.

आई सारखी येऊन बघून जायची. हातात पीठ तसंच. म्हणली, "अगं, एवढं सगळं काढायलीस, त्यांला इचारलंस का?"

"आई, सरप्राइज हाय."

"त्यांला सरप्राइज सोसत न्हाई पोरी. लग्नात शेरवानी आणली व्हती तर धोतरावरच आले." मग ती त्या सहा भोकांकडं बघत राहिली. "समदी सारखीच दिसायलीत गं. मला तर वळखू न्हाई यायची."

"म्हणूनच भारी दिसतंय ना."

जुनी बटनं मी पिशवीत भरली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. बाभळीची गाठसुद्धा.

खंडेनवमीला सकाळी अण्णांनी दार उघडलं आणि नुसते बघत उभे राहिले. मी मागं उभी. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पूजेच्या ताटातलं हळदकुंकू घेऊन सहाही बटनांना एकेक बोट लावलं. म्हणले, "इमानात बसल्यावानी वाटायलंय बाई." मग जरा थांबून, "हॉर्न कुठला म्हणायचा ह्यातला?"

"तिसरा, अण्णा. दिवे, वायपर, हॉर्न."

"तिसरा," ते म्हणले. आणि डावीकडं खाली, जिथं बेल होती, तिथल्या कोऱ्या पत्र्यावर त्यांचा अंगठा जाऊन आला. मी बघितलं ते. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, किंवा लावून घेतला नाही.

नंतरचे काही दिवस अण्णा गाडी चालवताना पुटपुटायचे. एक, दोन, तीन, आणि मग दाबायचे. मला गंमत वाटायची. मी आईला नक्कल करून दाखवली, दोघी हसलो. एकदा त्यांनी गल्लीतून जाताना हॉर्नऐवजी पंखा लावला आणि समोरची शेळी तशीच उभी. एकदा कालव्याच्या वळणावर हॉर्नच नाही वाजला, तवा थंड राहिला, आई म्हणली, "आज मुक्यानं आलात व्हय." अण्णा हसले आणि गार भाकरी खाल्ली. आणि मग एका संध्याकाळी, मी अंगणात वह्या घेऊन बसलेली, ते माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. अण्णा मला काही मागायला असे कधी बसत नव्हते.

"बाई, येक काम करती का. ते हॉर्नचं तेवढं वायलं लाव. तिकडं खाली, व्हतं तिथं. कसलं बी लाव, पर वायलं, ह्या समद्यांहून येगळं."

"कावून? चांगलं दिसतंय ना सहाच्या सहा."

"दिसतंय गं. पर हात जात न्हाई त्याच्यावर. हाताला कळत न्हाई कोन कुठला."

मी वही मिटली सुद्धा नाही. म्हणलं, "अण्णा, सगळ्या नव्या गाड्यांत असंच असतं. सवय होईल तुम्हाला."

"व्हईल म्हणतीस?"

"आठ दिवसात."

"बरं," म्हणले आणि उठले.

आता ऐका. माझ्या मांडीवर जी वही होती ती सुरक्षिततेच्या विषयाची होती. आमच्या सरांनी शिकवलं होतं की संकटात ज्या बटनाकडं हात जातो ते बाकीच्यांपासून लांब पाहिजे आणि आकारानं वेगळं पाहिजे, डोळे मिटून सापडलं पाहिजे. मी ते पाठ केलं होतं. तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आला आणि मी घडाघडा सांगितलं, सर म्हणले शाब्बास. आणि ज्या माणसानं कुठल्याही आयटीआयचं तोंड न बघता तेच नेमकं स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं, वीस वर्षं चालवलं होतं, त्याला मी सांगत होते सवय होईल.

दिवाळीच्या आधी मी आणि अण्णा माजलगावला बाजाराला गेलो. आई आली नाही, तिची शेव तळायची होती. दुपारी निघालो परत, मागं तेलाचा डबा, साखर, पणत्या. अण्णा खुशीत होते. मी त्यांच्या शेजारी पुढं बसलेली आणि माझ्या डोक्यात आलं की वर्गाच्या ग्रुपवर आपलं काम टाकावं, चालत्या गाडीचा व्हिडिओ. मोबाईल धरला डॅशबोर्डावर. लाल दिवे, पत्रा, अण्णांचा हात स्टिअरिंगवर. अण्णा म्हणले, "मला बी घे की त्यात." मी म्हणलं, "तुमचा हात आला की, बास." आणि वळणावर मेंढरं आली.

धनगरांची खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, त्या दिवसात आमच्याकडं खाली उतरतात. अख्खा रस्ता पांढरा झालेला, आणि मेंढरांच्या मधोमध पाठमोरा माणूस, बिरूतात्या, अण्णांच्याच वयाचा, दरवर्षी आमच्या रानात मेंढरं बसवायला येणारा. काठी खांद्यावर, दोन्ही हात काठीवर. तसं लांब होतं. हॉर्न वाजला असता तर त्यानं एक शीळ घातली असती आणि रस्ता मोकळा झाला असता, हजारदा झालाय तसा. मला मोबाईलच्या काचेत दिसलं. अण्णांचा डावा हात निघाला आणि खाली गेला, बेलच्या जागी. अंगठ्यानं कोरा पत्रा दाबला. परत दाबला. मग हात वर आला, बटनांवर, पुटपुटायला वेळ कुठं होता, त्यांनी दाबलं ते दुसरं. वायपर चालू झाला. कोरड्या काचेवर करकरत धूळ पसरली आणि समोरचं सगळं पिवळं झालं. अण्णांनी खाली बघितलं, बटनांकडं. एक क्षण. मग ब्रेक, पण चाकं कडंच्या मातीत गेलेली, जीप आडवी घसरत गेली.

दोन मेंढरं जागच्या जागी गेली. बिरूतात्याच्या मांडीचं हाड मोडलं. अण्णांनीच त्याला उचलून मागं निजवलं, त्याच जीपमध्ये, तेलाच्या डब्याच्या शेजारी, आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर दिलं. वायपर तसाच चालू. कुणालाच बंद करायचं सुचलं नाही, दवाखान्यापर्यंत तो करकरत होता. बिरूतात्या दात खाऊन पडलेला, शिवी नाही, रडणं नाही. मधेच म्हणला, "हॉर्न तरी मारायचा की ओ अण्णा. म्या काय बहिरा हाव का?"

अण्णांनी गिअर बदलला आणि जीप आणखी जोरात काढली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा आला, मोटरसायकलवरून, घामानं भिजलेला. आधी माझ्याकडं बघितलं, मी धड आहे का, मग अण्णांकडं वळला.

"कसं काय झालं?"

"दिसलंच न्हाई मला," अण्णा म्हणले.

"रस्ताभर मेंढरं, अन् दिसली न्हाईत?"

"ऊन व्हतं डोळ्यावर."

"भर दुपारी डोळ्यावर ऊन? ऊन डोस्क्यावर असतंय, अण्णा." दादा माझ्याकडं फिरला. "अंजे, तू तर पुढं बसलीवतीस. तू सांग."

मी बाकावर बसलेली. ओढणीला रक्त आणि मेंढीची लोकर. मोबाईल मुठीत. एक वाक्य होतं बघा, बटनाचं झालं दादा, माझं झालं. एवढं एकच. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं हे मी शपथेवर सांगते. आणि मी म्हणलं, "मी मोबाईलात होते. मला काय दिसलं न्हाई."

"वा," दादा म्हणला. "एकाला वयानं दिसंना अन् एकीला मोबाईलनं."

अण्णा भिंतीकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही. मी दवाखान्याच्या मोरीपाशी जाऊन तो व्हिडिओ पुसून टाकला. चाळीसेक सेकंदांचा होता. पुसायच्या आधी एकदा बघितला. आजही डोळे मिटले की तो हात दिसतो, कोऱ्या पत्र्यावर शोधणारा.

बिरूतात्याचं हाड जुळलं. पण तो लंगडतच चालायला लागला आणि पुढच्या साली त्याच्या खांडामागं त्याचा भाऊ आला. अण्णांनी गेवराईच्या बाजारातून दोन चांगल्या मेंढ्या आणून त्याच्या रानातल्या वाड्यावर, मुक्कामावर, पोचवल्या. दादानं अण्णांना डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणले लांबचं चांगलं दिसतंय, वाचायला फक्त चष्मा लागेल. दादा म्हणला, "डॉक्टर काय बी म्हणू द्या, मेंढरं तर दिसली न्हाईत ना." अण्णा म्हणले, "न्हाई दिसली." आणि तो वाचायचा चष्मा त्यांनी पुढं महिनाभर दिवसभर घातला, लोकांना दिसावा म्हणून. जिन्याला ठेचकाळायचे त्याच्यानं. मी बघायचे आणि अभ्यासाला बसायचे.

जीपची चावी दादानं त्याच्या कपाटात ठेवली आणि उन्हाळ्याच्या आत जीप विकली, गेवराईकडच्या एका शेतकऱ्याला. न्यायच्या दिवशी अण्णांनी ती धुतली. बादल्या बादल्या पाणी, चाकांच्या आतली माती काडीनं काढली. घेणारा माणूस डॅशबोर्ड बघून खूश झाला. म्हणला, "हे लई भारी केलंय ओ, कुठून केलं?" अण्णा म्हणले, "मह्या पोरीनं केलंय. करंटचं शिकलीय ती." आणि माझ्याकडं बोट दाखवलं. अभिमानानं. मला अजून कळत नाही त्यांनी ते कसं केलं.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरून एक जण पळत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, त्याच्या आईच्या छातीत दुखत होतं. सवयीनं आला बिचारा. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, अर्धा होता अजून, उठून उभे राहिले, पायात चपला घातल्या, आणि मग म्हणले, "गाडी न्हाई रे बाबा आता." वस्तीवरच्यांनी म्हातारीला चिखलातून कसंबसं बैलगाडीनं आणलं. ती वाचली. पण त्यानंतर बोलवायला कुणी आलं नाही. अण्णा पारावर बसायचे कमी झाले, कारण तिथं कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय अण्णा, मेंढरं दिसायलीत का?" अण्णाही हसायचे. लोक वाईट नाहीत हो आमचे. त्यांना गंमत करायला एक गोष्ट भेटली आणि ती अण्णांनीच दिली होती.

ह्याला आता सहा वर्षं झाली. आणि आज सकाळी दादाची नवी गाडी आली, पांढरी, मोठी. त्याच्या सासरची माणसं जमलेली, आई ओवाळायला ताट घेऊन, मी बीडहून मुद्दाम आलेली. हार अण्णांच्या हातात दिलेला. दादाचे सासरे भला माणूस, ते म्हणले, "अण्णा, पयला राउंड तुमचाच. बसा." अण्णांचा हात दाराच्या कडीवर गेला. गेला, मी बघितलं. आणि दादा मागून म्हणला, "नगं नगं मामा, त्यांला नगं. मेंढरांला निरोप धाडावा लागंल आधी." सगळे हसले. वहिनी हसली, सासरे हसले, आईसुद्धा पदराआड. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि कडीवरचा हात काढून तो हार बोनेटवर नीट करत राहिले. कितीतरी वेळ नीट करत राहिले.

जेवणं झाल्यावर ते गोठ्यात गेले, मी मागं गेले. म्हशीचं दावं सोडत होते. मी एका दमात बोलले, कारण थांबले असते तर राहिलंच असतं. म्हणलं, "अण्णा, ती बेल मी काढली म्हणून झालं ते. तुमचे डोळे चांगले होते. तुम्ही मला सांगितलं होतं वायलं लाव म्हणून, मी नाही लावलं. मी आज दादाला सांगणारे, सगळ्यांसमोर."

त्यांचा हात दाव्यावर थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मी बघितलं होतं. तुमचा हात खाली गेला, तिथं काहीच नव्हतं."

"तू तर मोबाईलात व्हतीस म्हणलीस."

"मोबाईलातच दिसलं. शूटिंग करत होते ना मी. तुमचा हात."

त्यांनी दाव्याचा पीळ हातावर गुंडाळला. मला वाटलं आता ते जवळ घेतील. खरंच वाटलं. सहा वर्षं मी हेच धरून बसले होते की एक दिवस मी सांगीन, आणि ते म्हणतील जाऊ दे बाई.

"मला वाटलं तुला ठाव न्हाई," अण्णा म्हणले. म्हशीकडंच बघत. "म्या म्हणलं, पोरीनं जीव लावून केलंय. नवं नवं शिकलीय. तिला कळलं का आपल्यामुळं माणूस पांगळा झाला, तर परत पकडीला हात लावायची न्हाई. म्हणून म्या म्हणलं, दिसलं न्हाई. हसू दे लोकांला." मग ते माझ्याकडं वळले. "तुला ठाव व्हतं व्हय."

"अण्णा, मी भेले होते."

"सकाळी समदे हसले तवा बी ठाव व्हतं. पारावर हसायचे तवा बी."

मी गोठ्याच्या दारात तशीच उभी.

"व्हय बाजूला, अंजली," ते म्हणले. "म्हशीला पाणी दाखवायचंय."

अंजली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव. त्यांच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं. ते रागावले असते तर चाललं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. ते म्हशीला घेऊन हौदाकडं गेले आणि अजून घरात आले नाहीत.

खाली पाहुण्यांना चहा चाललाय. दादाला मी सांगणारच आहे, हे टाकलं की खाली उतरते, तो चिडेल, ओरडेल, ते सोपंय. लोकांना बी कळेल, उद्यापासून पारावर कुणी हसणार नाही. पण अण्णांचं काय करू ते मला कळेना. ते सहा वर्षं माझ्यासाठी गप होते आणि त्यांच्या मनात मी एक निर्दोष पोरगी होते, त्या पोरीसाठी त्यांनी गाडी सोडली, चष्मा घातला, हसून घेतलं. ती पोरगी आज दुपारी मी त्यांच्याकडून काढून घेतली. गप बसले तेव्हा चुकलं आणि बोलले तेव्हाही चुकलंच.

तुमच्याबरोबर झालंय का असं कधी? कुणी तुमची चूक अंगावर घेतली, तुम्हाला ते माहीत होतं, आणि त्यांना वाटत राहिलं की तुम्हाला माहीत नाही? झालं असेल तर लिहा मला, कसंही लिहा. आणि खरं कळल्यावर ते माणूस तुमच्याशी परत पहिल्यासारखं बोललं का, तेवढं तर सांगाच.